दोन याद्या आणि कस्तुरी

सिकंदर मोतद्दाराच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची बायको मेहरुन्निसा म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. हा माणूस जेवायला बसला तरी दोन घास खाऊन उठायचा, दाराशी जाऊन घोड्यांकडे कान लावायचा आणि मग येऊन तिसरा घास घ्यायचा. कोल्हापूरच्या उगवतीला, उचगावच्या वाटेवर एका जहागीरदाराची पागा होती. तिथल्या घोड्यांची निगा राखायचं काम त्याच्याकडे बापाकडून आलं होतं, आणि बापाकडून हा बेचैनपणाही आला असावा. घोडी उभ्याउभ्या झोपतात, मग मी का आडवं व्हावं, असा त्याचा सवाल असायचा.

महाराज गादीवर येऊन तेरा-चौदा वर्षं झाली होती. पेठापेठांतून शाळा निघत होत्या, पण सिकंदरनं पंचेचाळिशी गाठली होती आणि अक्षराशी त्याची ओळख कधी झाली नाही. म्हणून त्याला अडाणी समजणारे पुष्कळ होते आणि ते सगळे कधी ना कधी तोंडावर पडले. त्याच्या कमरेला एक चामड्याची पिशवी असायची. पागेत घोडी सव्वीस, आणि पिशवीत खडेही सव्वीस. ते त्यानं पंचगंगेच्या काठावरून हुडकून आणले होते. काळ्या घोड्याचा खडा काळा, सबज्याचा करडा, अबलखाचा ठिपक्याठिपक्यांचा. संध्याकाळी चंदी खाल्लेल्या घोड्याचा खडा एका खिशात, न खाल्लेल्याचा दुसऱ्या खिशात. कुठल्या जनावरानं तोंड फिरवलं ते त्याला कागद न बघता कळायचं. खडा एकदा ज्याचा ठरला त्याचाच, त्यात फेरफार नाही, एवढा एकच कायदा त्याला ठाऊक होता.

पागेची आवारं दोन होती. ओढ्याकडेला खालचं आवार, तिथं सिकंदरची देखरेख. चढावर वरचं आवार, ते रुद्राप्पा नावाच्या लिंगायत मोतद्दाराकडे. दोन्ही आवारांचे पाण्याचे हौद वेगळे. हे हौदांचं नीट ध्यानात ठेवावं लागेल, कारण पुढं जे घडलं ते पाण्यावरूनच घडलं.

खालच्या आवारात कस्तुरी नावाची एक घोडी होती. कुमैत म्हणजे तांबूस-काळसर रंगाची, चार वर्षांची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिकला. तिची आई तिला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी मेली, तेव्हा मेहरुन्निसानं शेळीच्या दुधात फडकं बुडवून त्या शिंगराला चोखायला दिलं होतं. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. असल्या ठिकाणी माया कुठं जाऊन बसेल त्याचा नेम नसतो. मालकी जहागीरदाराची, पण घोडी सिकंदरच्या घरचीच होती असं पागेतले सगळे धरून चालत.

त्या वर्षी माघात जत्रेच्या बाजारातून दोन नवी घोडी आली. ती खालच्या आवारात बांधली आणि खालच्याच हौदावर पाणी प्यायली. आठव्या दिवशी त्यातल्या एकाच्या नाकातून पिवळा, चिकट पू वाहायला लागला, आणि दहाव्या दिवशी ते मेलं. सिकंदरनं हा रोग लहानपणी एकदा पाहिला होता. त्याला औषध नाही. घोड्याचा घोड्याला लागतो आणि वेळ आली तर माणसालाही लागतो. त्याच्या बापाचा एक सोबती त्यातच गेला होता.

त्या दुपारी सिकंदरनं काय केलं? त्यानं कस्तुरीची अगाडी-पिछाडी सोडली आणि तिला गुपचूप वरच्या आवारात नेऊन बांधलं. रुद्राप्पा तेव्हा बायकोला, बसव्वाला, आणायला सासरवाडीला गेला होता आणि वरचं आवारही आठवडाभर सिकंदरच सांभाळत होता. खालच्या बाकीच्या मोतद्दारांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पागेत एकमेकांचं झाकायची रीत होती, आणि झाकणाऱ्याचं उद्या दुसरा झाकतो. पण दहा दिवस ती खालच्या हौदाचं पाणी प्यायली होती, हे सिकंदरपासून कोण झाकणार? त्या दिवसापासून त्याची भिंगरी आणखी जोरानं फिरायला लागली. तासातासाला तो चढ चढायचा, तिच्या जबड्याखाली हात घालून बघायचा आणि उतरायचा. चौथ्या दिवशी हाताला सुपारीएवढी गाठ लागली.

पाचव्या दिवशी छावणीतला साळोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, आला. सगळे त्याला डाक्टर म्हणत. त्यानं दोन्ही आवारं हिंडून घोडी पाहिली. वरच्या आवारात रुद्राप्पाच्या दोन तरण्या घोड्यांनाही तशाच गाठी होत्या. त्या मात्र महिन्यापूर्वीच्या. डाक्टर म्हणाला, तरण्या जनावरांना असल्या गाठी होतात, पिकतात, फुटतात, बऱ्या होतात. वरच्या गाठींची काळजी नको, ही घोडी त्या हौदावर प्यायलेली नाहीत. कस्तुरीपुढून जाताना त्यानं तोच न्याय लावला आणि पुढं गेला. सिकंदर शेजारीच उभा होता आणि काही बोलला नाही.

जाताना डाक्टरनं कारभारी गणपतरावांच्या हाती चिठ्ठी दिली. तिचा मतलब सरळ होता. खालच्या आवारातलं जे घोडं नाकातून वाहतंय किंवा ज्याच्या जबड्याखाली गाठ आहे, त्याला गोळी घालून पुरून टाका. जहागीरदार पुण्याला होते, तेव्हा सगळा अखत्यार गणपतरावांचा. माणूस वाईट नव्हता. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेला, टापटिपीचा, पण आपल्या टापटिपीवर फार भाळलेला. हुडकायच्या गोष्टी दोन, म्हणून त्यानं यादीचे भाग दोन केले. एका माणसाला सांगितलं, खालच्या आवारात जा आणि नाक वाहणारी लिहून आण. दुसऱ्याला सांगितलं, गाठी असलेली लिहून आण. दोन्ही कागद एकत्र डकवले, खाली रेघ मारली, की झाली यादी तयार. दुसऱ्या माणसाला आवार सांगायचं राहिलं, हे गणपतरावांच्या गावीही नव्हतं. तो माणूस इमानी होता, तो दोन्ही आवारं हिंडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी वाचून दाखवली. नावं अकरा. खालची आठ, वर रुद्राप्पाची दोन आणि अकरावी कस्तुरी. ओढ्याकाठी खड्डे खणायला माणसं लागली होती आणि बंदूकवाला शिपाई तिसऱ्या प्रहरी यायचा होता.

सिकंदर थेट गणपतरावांच्या ओसरीवर गेला. डाक्टर सांगताना तो हजर होता, आणि डाक्टरचं बोलणं आणि हा कागद यात कुठंतरी घोडं पेंड खातंय, हे त्याला ऐकताक्षणीच कळलं होतं. त्यानं तसं सांगितलं. गणपतरावांना ते लागलं. आपल्या यादीत चूक, आणि ती काढणारा कोण, तर अंगठेबहाद्दर.

"चिठ्ठीतलं एक जनावर दाव, जे माज्या यादीत न्हाय," गणपतराव म्हणाले. "एक दाव फकस्त."

सिकंदरनं मनातल्या मनात सगळी फिरवून पाहिली. चिठ्ठीतलं एकही सुटलेलं नव्हतं. तसं त्यानं कबूल केलं.

"मग झालं की. दोन्ही एकच."

अर्धं जग इथंच थांबतं आणि आपण जिंकलो असं समजतं. उचगावचा प्रत्येक माणूस करवीर इलाख्यातला, हे खरं. म्हणून इलाख्यातला प्रत्येक माणूस उचगावचा होतो का? पण रोगाच्या भीतीत प्रत्येकाला एकच धास्ती असते, की काही सुटलं तर नाही ना. जास्तीचं काही आत ओढलं गेलं का, हे विचारायला कुणाला सवड असते? सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असंच.

सिकंदर हटला नाही. त्यानं अंगणात तीन दोर आणले आणि एकमेकांवर चढतील असे तीन मोठे फेर टाकले. हा फेर खालच्या आवाराचा, हा वाहत्या नाकाचा, हा गाठीचा. मग पिशवी सोडून एकेक खडा ठेवायला लागला. खालचं घोडं, नुसती गाठ असलेलं, तर जिथं पहिला आणि तिसरा फेर एकमेकांवर येतात तिथं. नाक आणि गाठ दोन्ही असलं, तर तिन्ही फेर मिळतात तिथं. खालचं पण धडधाकट, तर नुसत्या पहिल्या फेरात. वरचं धडधाकट, तर सगळ्यांच्या बाहेर. एरवी त्याचा हात झरझर चालायचा. कस्तुरीचा तांबूस खडा मात्र त्यानं थोडा वेळ मुठीत धरला, आणि मग ठेवला तो गाठीच्या फेरात, पण खालच्या आवाराच्या फेराबाहेर. रुद्राप्पाच्या दोन खड्यांशेजारी.

गणपतराव धोतर सावरून उकिडवे बसले. सिकंदर म्हणाला, "कारभारी, आता उलट बगा. यादीतलं येकेक उचला आनि चिठ्ठीत हाय का बगा."

गणपतरावांनी यादी वाचायला आणि खड्यावर बोट ठेवायला सुरुवात केली. आठ खडे खालच्या फेरात निघाले. नववा, दहावा, अकरावा त्या फेराच्या बाहेर. गणपतरावांचं बोट तिथंच थांबलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढं मानलं पाहिजे, की चूक दिसल्यावर त्यांनी ती नाकारली नाही. त्यांनी शाई मागवली आणि दुसऱ्या भागाच्या डोक्यावरही 'खालच्या आवारातली' असं लिहिलं.

"आता तरी एक झाल्या का दोन्ही?" त्यांनी विचारलं.

सिकंदर म्हणाला, बगू या. त्यानं अंगणातला एक, कुणाचाच नसलेला खडा उचलला. हे कुठलं घोडं? कुठलंही. नाव नाही, रंग नाही. समजा ते चिठ्ठीतलं आहे. मग ते खालचंच असणार, आणि नाक नाहीतर गाठ, दोन्हींपैकी एक तरी असणारच. नाक असेल तर तुमच्या पहिल्या भागात सापडेल, गाठ असेल तर दुसऱ्या. म्हणजे सुटत नाही. आता तोच खडा दुसऱ्या अंगानं धरा. समजा ते तुमच्या यादीतलं आहे. पहिल्या भागातलं असेल तर खालचं आणि वाहत्या नाकाचं, दुसऱ्यातलं असेल तर खालचं आणि गाठीचं. कसंही धरलं तरी खालचं आहेच, आणि दोन्हींपैकी एक खोड आहेच. म्हणजे चिठ्ठीतलंच. जास्तीचं काही आत येत नाही. नाव नसलेल्या घोड्याला जे लागू, ते पागेतल्या एकूण एक घोड्याला लागू.

गणपतराव खूश झाले. शाळेत मास्तरांनी भूमिती शिकवली ती सुद्धा इतकी गळी उतरली नव्हती, असं म्हणाले. त्यांनी तीन नावं खोडली आणि आठ नावांच्या कागदावर सही ठोकली. सिकंदरनं खडे गोळा केले नाहीत. तो अंगणाच्या कडेनं चालायला लागला.

त्याला आनंद व्हायला हवा होता. घोडी वाचली होती. पण त्यानं मांडलेला नियम खरा होता आणि त्यात ठेवलेला एक खडा खोटा होता. मेहरुन्निसा भाकरी आणि मिरचीचा खर्डा घेऊन आली. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. तिला सगळं ठाऊक होतं. वाचली ना, एवढंच तिनं विचारलं. तो हो म्हणाला, आणि तिनं पदर डोळ्याला लावला. त्या पदराकडे बघून त्याला वाटलं, की आता गप्प राहिलं तरी चालेल. एवढं एक जनावर. देवाच्या दुनियेत कितीतरी लबाड्या पचतात.

तो चढ चढून वर गेला, खाली आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला रुद्राप्पा आडवा आला. कालच तो सासरवाडीहून परतला होता आणि आल्या आल्या आपली दोन जनावरं खड्ड्यात जाणार हे ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती वाचल्याचं कळल्यावर तो सिकंदरच्या पायाला हात लावायला वाकला. "सिकंदरअण्णा, तुमची कस्तुरी आता हितंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माज्या दोघांच्या मदी बांदतो. जिवापाड जपतो."

रुद्राप्पाच्या मागं बसव्वा कस्तुरीपाशी उभी होती. माहेराहून आणलेला गुळाचा खडा तिनं तळहातावर धरला होता, आणि कस्तुरी ओठांनी तो टिपून घेत होती, तळहात चाटत होती. बसव्वा हसत होती. घोडीच्या उजव्या नाकपुडीच्या कडेला काहीतरी ओलं, पिवळसर चमकलं. सकाळी ते नव्हतं.

सिकंदर धावला. त्यानं बसव्वाचा हात झटकला, तिला दंडाला धरून मागं ओढलं आणि ओरडला, "हात धू. राखंनं धू. आदी धू." बसव्वा घाबरून रडायला लागली आणि रुद्राप्पा आ वासून बघत राहिला. बाईमाणसाला धरून ओढणारा सिकंदर त्यानं कधी पाहिला नव्हता. सिकंदरनं स्वतः पाणी ओतलं, राख दिली, चार वेळा हात धुवायला लावले, बोटांवर कुठं ओरखडा आहे का ते पाहिलं. ओरखडा नव्हता. मग तो तडक उतारावरून खाली गेला.

गणपतराव ओसरीवर शिपायाची वाट बघत बसले होते. सिकंदर पायरीशी उभा राहिला. एरवी या माणसाचा एक पाय तरी हलत असायचा.

"सकाळी तुमी मागितलं व्हतं," तो म्हणाला. "चिठ्ठीतलं एक जनावर दाव, जे यादीत न्हाय. आता हाय एक."

आणि त्यानं सगळं सांगितलं. कधी हलवली, कुणी हलवली, किती दिवस खालचं पाणी प्यायली. गणपतरावांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ ते पानाचा डबा उघडत-मिटत राहिले. त्यांना राग यायला हवा होता, पण सकाळपासून त्यांचं या माणसावर मन बसलं होतं.

"म्या काय ऐकलं न्हाय," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "खडा वरच्या आवारात हाय. सही झालीय. डाक्टर परत वर चढायचा न्हाय. तिला लांब कुठं बांद, आनि जा, भाकरी खा."

मोह तो असा. स्वतः कारभारीच दार उघडून देतो. सिकंदरला पेलणार नव्हतं ते एवढंच, की बसव्वाच्या जागी मेहरुन्निसा असती तरी कस्तुरीनं तसाच तळहात चाटला असता, आणि तिला कुठंही बांधली तरी कुणीतरी तिला गूळ द्यायला जाणारच. तशी गोड घोडी होती ती.

तो म्हणाला, सकाळी मी तुमची यादी मानली नाही, कारण त्यात तीन जास्तीची होती. आता एक कमी आहे. कमी असली तरी ती चिठ्ठीबरोबर एक होत नाही. "ल्हिवा, कारभारी. मला ल्हिता येत न्हाय."

गणपतरावांनी टाक उचलला. नववं नाव लिहिताना टापटिपीच्या त्या कागदावर शाईचा ठिपका पडला आणि त्यांनी तो टिपला नाही.

तिसऱ्या प्रहरी शिपाई आला. कस्तुरीला आणायला सिकंदरनं दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. त्याला वाटलं होतं, ओढून न्यावं लागेल. पण दोर सैल सोडताच ती आपणहून उतार उतरली, ओढ्याकडे न जाता खालच्या आवारात वळली, आणि चार वर्षं जिथं उभी राहिली त्या खुंट्यापाशी जाऊन थांबली. मग मान वळवून तिनं त्याच्याकडे पाहिलं, एवढे दिवस कुठं नेऊन बांधलं होतंस, असं विचारल्यासारखं. सिकंदरनं हाताला फडकं गुंडाळलं, खरारा घेतला आणि मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत तिला हळूहळू खरारा केला. ओढ्याकाठी शिपाई बंदूक टेकून उभा होता आणि त्याला घाई करायची कुणाची हिंमत झाली नाही. एक बाजू झाल्यावर सिकंदर वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि तीही तितकीच नीट केली.